डॉलरच्या नोटेवरची सही: मोहीगन लोक उरले कसे?

अमेरिकेहून आलेल्या कुणाकडून राहून गेलेली एखादी डॉलरची नोट घरात असेल, तर ती काढून बघा. तिच्यावर ‘सीरीज २०२१’ असे छापलेले असेल, तर डाव्या बाजूला खाली एक सही दिसेल. ती लिन मलर्बा यांची आहे. २०२२ साली त्या अमेरिकेच्या खजिनदार झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या मूळ अमेरिकन. त्या पेशाने परिचारिका होत्या, आणि २०१० पासून मोहीगन जमातीच्या प्रमुख आहेत. हे प्रमुखपद तहहयात असते.

ही बातमी आली तेव्हा अनेकांना प्रश्न पडले. मोहीगन म्हणजे कोण? ते तर संपले ना? एका देशात राहून जमातीचे स्वतःचे सरकार कसे काय असते? आणि या जमातीचे नाव काढले की लगेच कॅसिनो का आठवतो? न्यू जर्सी, कनेक्टिकट भागातल्या मराठी मंडळींना ‘मोहीगन सन’ हे नाव चांगले ठाऊक असते. पण त्या झगमगीत इमारतीच्या मागे जवळजवळ चारशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

ही गोष्ट वाचताना मला सगळीकडे कागद दिसतो. खरेदीखते, अर्ज, पत्रे, डायऱ्या, जन्ममृत्यूच्या नोंदी. मोहीगनांची जमीन प्रामुख्याने कागदावर गेली, आणि पुढे कागदाच्याच आधारावर ते पुन्हा उभे राहिले. त्यामुळे लढाया थोडक्यात सांगतो आणि कागदांपाशी जास्त थांबतो.

मोहीगन आणि मोहीकन: आधी हा घोळ सोडवू

न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या मधोमध कनेक्टिकट राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात थेम्स नावाची नदी समुद्राला मिळते. लंडनच्या नदीचेच नाव इंग्रजांनी तिला दिले. या नदीच्या काठी मोहीगन राहतात. स्वतःच्या नावाचा अर्थ ते ‘लांडग्याचे लोक’ असा सांगतात.

मोहीकन हे वेगळे लोक. त्यांचा मुलूख न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात होता. तिथून सरकत सरकत ते पश्चिमेला विस्कॉन्सिन राज्यात गेले आणि आजही तिथे आहेत. १८२६ साली जेम्स फेनिमोर कूपर यांची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी आली. तिने मोहीकनांच्या गोष्टीत अंकस हे मोहीगन साचेमचे नाव वापरले आणि दोन्ही लोकांची सरमिसळ करून टाकली. ‘साचेम’ म्हणजे जमातीचा मुखिया. हा शब्द पुढे पुन्हा येईल.

नावाचा घोळ एक वेळ परवडला, पण शीर्षकातल्या ‘शेवटचा’ या शब्दाने फार नुकसान केले. ही माणसे संपली आहेत, आता त्यांच्याबद्दल फक्त हळहळायचे, अशी समजूत जगभर पसरली. त्याच वेळी खरे मोहीगन थेम्सच्या काठी मका दळत होते, टोपल्या विणत होते आणि जमिनीचे खटले हरत होते. आज जमातीची सदस्यसंख्या दोन हजारांहून अधिक आहे.

एका घराचे दोन तुकडे

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात पीक्वॉट लोकांचा दबदबा होता. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांना बीव्हर या प्राण्याची कातडी हवी होती. ती मिळवायला वॅम्पम लागे. वॅम्पम म्हणजे शंखशिंपल्यांपासून घडवलेले पांढरे आणि जांभळे मणी. मान देताना, तह करताना ते देत असत, आणि युरोपियन आल्यावर ते चलनासारखेही चालू लागले. हे मणी जिथे बनत तो किनारा पीक्वॉटांच्या ताब्यात होता.

१६३३–३४ मध्ये देवीची साथ आली आणि गावेच्या गावे ओस पडली. साथीनंतर पीक्वॉटांमध्ये नेतृत्वाचा वाद पेटला. अंकस हा साचेमच्या घराण्याशी रक्ताने आणि लग्नाने जोडलेला. आपला हक्क डावलला गेला असे त्याला वाटत होते. त्याने अनेकदा बंड केले, प्रत्येक वेळी हरला आणि शेवटी आपली माणसे घेऊन वेगळा झाला. तेच मोहीगन. आपल्या भाषेत याला भाऊबंदकी म्हणतात.

१६३६ मध्ये इंग्रज आणि पीक्वॉट यांच्यात युद्ध सुरू झाले आणि अंकस इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. २६ मे १६३७ च्या पहाटे कॅप्टन जॉन मेसनच्या सैन्याने मिस्टिक नदीजवळच्या पीक्वॉटांच्या तटबंदीच्या गावाला वेढा घातला आणि आग लावली. बायका, मुले, म्हातारे जळून किंवा पळताना गोळ्या लागून मेले. मृतांचे अंदाज चारशेपासून सातशेपर्यंत जातात. इंग्रजांसोबत आलेल्या, शेजारच्या नॅरागॅन्सेट जमातीच्या योद्ध्यांनाही हा प्रकार सहन झाला नाही. तुमची लढायची रीत फार भयंकर आहे, तिच्यात फार माणसे मरतात, असे ते म्हणाल्याची नोंद खुद्द एका इंग्रज कप्तानाने केली आहे.

१६३८ च्या हार्टफर्ड तहाने उरलेले पीक्वॉट वाटून टाकले. ८० पुरुष मोहीगनांना, ८० नॅरागॅन्सेटांना आणि २० नायंटिक लोकांना. यापुढे कुणी स्वतःला पीक्वॉट म्हणवून घ्यायचे नाही, अशी अटही घातली. एका लोकसमूहाचे नावच कायद्याने पुसायचा हा प्रयत्न होता. तो फसला, कारण पीक्वॉट आजही आहेत आणि मोहीगनांचे शेजारी आहेत.

मग अंकस फितूर होता का?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात हमखास येणार. पीक्वॉट आणि नॅरागॅन्सेट यांच्या बाजूने पाहिले तर अंकसने परक्यांना घरात घेतले. १६४२ मध्ये नॅरागॅन्सेट साचेम मायंटोनोमो गावोगाव सांगत होता की आपण सगळे एक झालो नाही, तर इंग्रज आपल्याला संपवतील. १६४३ मध्ये लढाईत तो अंकसच्या हाती लागला. इंग्रज वसाहतींच्या आयुक्तांनी त्याचा निकाल अंकसवर सोपवला, पण आपली संमती कळवूनच. अंकसच्या भावाने त्याला ठार केले. हा प्रसंग वाचताना मला आजही वाईट वाटते, कारण मायंटोनोमोचे बोलणे पुढे खरे ठरले.

पण मोहीगनांच्या बाजूनेही पाहायला हवे. साथीने खचलेला छोटा गट, दोन्ही बाजूंना बलाढ्य शत्रू आणि समोर बंदुका असलेले नवे लोक. यातून आपली माणसे जिवंत ठेवायची हेच अंकसचे राजकारण होते, आणि तेवढ्यापुरते ते यशस्वी झाले. १६७५–७६ च्या मोठ्या युद्धात न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, अनेक जमाती उद्ध्वस्त झाल्या, पण मोहीगन इंग्रजांच्या बाजूला असल्यामुळे वाचले. अंकस १६८०च्या दशकात वारला.

आपल्याकडे तैनाती फौजेचे करार झाले, ते आठवून पाहा. संरक्षण मिळते आणि त्याबरोबर मुखत्यारी हळूहळू निसटत जाते. मोहीगनांचे तसेच झाले. ते इंग्रज वसाहतींशी कधी लढले नाहीत, जिंकणाऱ्या बाजूलाच राहिले, आणि तरीही त्यांची जमीन गेली.

जमीन जाते कशी?

इंग्रजांना जमीन म्हणजे विकता येणारी, कुंपण घालता येणारी, एका नावावर चढणारी वस्तू. मोहीगनांना जमीन म्हणजे वापराचे हक्क. इथे शेती अमक्या कुळाची, तिथे शिकार सगळ्यांची, मासेमारीच्या जागा हंगामाप्रमाणे. साचेम या सगळ्याचा सांभाळ करणारा, तिचा मालक नव्हे. अशा दोन समजुती एकाच कागदावर आल्या की वाचणारा आपल्याला हवा तोच अर्थ वाचतो.

१६४० साली अंकसने कनेक्टिकट वसाहतीला एक कागद करून दिला. बदल्यात मिळाले काही वार कापड, मोजे आणि किरकोळ वस्तू. वसाहत म्हणाली, या कागदाने जवळजवळ सगळा मुलूख आम्हाला मिळाला. मोहीगन म्हणाले, आम्ही फक्त पहिल्या खरेदीचा हक्क दिला. म्हणजे पुढेमागे जमीन विकायची झालीच, तर आधी तुम्हाला विचारू.

१६५९ मध्ये नॉर्विच गावासाठी नऊ मैल लांब आणि नऊ मैल रुंद जमीन ७० पौंडांना गेली. त्याच वर्षी अंकसने उरलेल्या जमिनीचा विश्वस्त म्हणून जॉन मेसनला नेमले. हा तोच मिस्टिकचा कॅप्टन. इंग्रजी कागद वाचणारा, ओळखीचा माणूस मध्ये असला तर कुणी फसवणार नाही, असा हिशोब. गावाकडे न वाचता येणारा शेतकरी शिकलेल्या ओळखीच्या माणसाकडे सातबारा सांभाळायला देतो, तसेच हे. पुढच्याच वर्षी मेसनने आपल्याकडचे अधिकार वसाहतीकडे सोपवले. त्याने नेमके काय सोपवले, जमीन की फक्त कारभाराचा हक्क, यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. १६७१ मध्ये मेसनने एक मोठा तुकडा जमातीसाठी कायमचा राखून ठेवला, पण वसाहतीने तोही पुढे वाटायला सुरुवात केली.

मोहीगन गप्प बसले नाहीत. मेसनचे वारस त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यात त्यांचाही स्वार्थ होता, कारण खटला जिंकला तर त्यांनाही काही मिळणार होते. १७०५ मध्ये इंग्लंडच्या राणीने नेमलेल्या आयोगाने मोहीगनांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांची जमीन परत करा असे सांगितले. कनेक्टिकटने निकाल मानला नाही, अपील केले आणि जमीन काही सोडली नाही.

शेवटी अंकसचा वंशज मॅहोमेट वेयोनोमन थेट लंडनला गेला. १७३५ साल होते. राजा दुसरा जॉर्ज याच्यापुढे अर्ज ठेवायचा होता. पण राजाची भेट होण्याआधीच, १७३६ मध्ये, तो लंडनमध्ये देवीच्या साथीने वारला. परका म्हणून त्याला लंडन शहराच्या हद्दीत पुरता येईना, म्हणून नदीपलीकडे साउथवर्कमध्ये खुणेविना पुरले. २७० वर्षांनी, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या हस्ते साउथवर्क कॅथीड्रलच्या आवारात त्याच्या स्मृतीच्या दगडाचे अनावरण झाले. तो दगड मोहीगनांच्या भूमीतून नेला होता. ज्याला सिंहासनापर्यंत पोहोचता आले नाही, त्याच्या दगडापाशी त्या सिंहासनावरची राणी चालत आली.

मॅहोमेटच्या अर्जामुळे नवे आयोग नेमले गेले, पण १७४३ चा निकाल विरोधात गेला. त्या सुनावणीत एक गोष्ट मात्र महत्त्वाची घडली. आयोगातल्या डॅनियल हॉर्समँडेन यांनी नोंदवले की हे इंडियन (मूळ अमेरिकनांना इंग्रज असेच म्हणत) इंग्रज राजाच्या प्रजेमध्ये राहत असले, तरी ते वेगळे, स्वतंत्र लोक आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आजच्या मोहीगन सरकारचा पाया हाच विचार आहे. १७७३ मध्ये लंडनहून अंतिम निकाल आला, तोही कनेक्टिकटच्या बाजूने. सुमारे सत्तर वर्षे चाललेला खटला संपला.

सॅमसन ऑकम आणि बारा हजार पौंड

खटला चालू असतानाच मोहीगनांमध्ये एक विलक्षण माणूस वाढत होता. सॅमसन ऑकमचा जन्म १७२३ चा. विशीत तो एलीझर व्हीलॉक या पाद्र्याकडे शिकायला गेला. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक शिकला, शिक्षक झाला, धर्मोपदेशक झाला. बायकामुलांचे पोट भरायला तो शेती करी, मासे पकडी, पुस्तकांची बांधणी करी, लाकडी चमचे कोरी. बारा वर्षांच्या कामाचे त्याला १८० पौंड मिळाले. दुसऱ्या एका मोहिमेवर एका वर्षाला एवढेच पैसे दिले गेले, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

व्हीलॉकला इंडियन मुलांच्या शाळेसाठी पैसे हवे होते, म्हणून त्याने १७६५ च्या अखेरीस ऑकमला ब्रिटनला पाठवले. ऑकमने दोन वर्षांहून अधिक काळ इंग्लंड आणि स्कॉटलंड पालथे घातले, तीनशेहून अधिक प्रवचने दिली आणि बारा हजार पौंडांच्या आसपास रक्कम उभी केली. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

परत आला तेव्हा त्याला दोन गोष्टी कळल्या. ज्यांची काळजी घेण्याचे वचन व्हीलॉकने दिले होते, ती बायकामुले हलाखीत होती. आणि गोळा केलेल्या पैशातून न्यू हॅम्पशायरमध्ये कॉलेज निघत होते, ते मुख्यतः गोऱ्या मुलांसाठी. तेच आजचे प्रख्यात डार्टमथ कॉलेज. पहिल्या दोनशे वर्षांत तिथून फक्त १९ मूळ अमेरिकन विद्यार्थी पदवीधर झाले. १७७१ च्या पत्रात ऑकमने व्हीलॉकला स्पष्ट लिहिले की तुमची ही विद्यामाता फार गोरी होणार आणि सावळ्या लेकरांना दूध पाजणार नाही. ‘अल्मा मातेर’ (पोसणारी माता, म्हणजे विद्यामाता) ऐवजी ‘अल्बा मातेर’ (गोरी माता) अशी लॅटिन शब्दावर कोटी करून लिहिलेले हे वाक्य, ज्याने लॅटिन शिकवले त्यालाच उद्देशून होते.

यानंतर ऑकमची आशा इंग्रजांवरून उडाली. अनेक जमातींतल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना घेऊन त्याने न्यूयॉर्क राज्यात ‘ब्रदरटाउन’ नावाची वसाहत उभारायला मदत केली. तो तिकडेच १७९२ मध्ये वारला. बरेच मोहीगनही तिकडे गेले. मागे उरलेल्यांची संख्या आणखी घटली.

जमीन देवाच्या नावावर

१८३० मध्ये अमेरिकेच्या संसदेने इंडियन लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १८३३ मध्ये नॉर्विचला आले आणि त्यांनी अंकसच्या स्मारकाची पायाभरणी केली. मेलेल्या अंकसचा सन्मान आणि जिवंत इंडियनांची हकालपट्टी एकाच हाताने झाली.

मोहीगन स्त्रियांनी या धोक्यावर आधीच उपाय केला होता. १८३१ मध्ये ऑकमची बहीण लूसी, तिची मुलगी आणि तिची नात, अशा तीन पिढ्यांतल्या बायकांनी आपल्या जमिनीचा तुकडा चर्चसाठी दिला आणि टेकडीवर मोहीगन चर्च उभे राहिले. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनी असतात. देवाच्या नावावर चढलेली जमीन सहजासहजी विकता येत नाही, कुणी बळकावू लागला तर गाव उठते. इथेही तसेच झाले. चर्च बांधणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या लोकांना ‘रानटी’ म्हणून हाकलणे अवघड होते.

या बायकांची श्रद्धा खरी होती की तो डावपेच होता, असे काही जण विचारतात. मला हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात वाटत नाही. चर्चमध्ये प्रार्थना होत आणि तिथेच जमातीच्या बैठकाही होत. १८६० पासून चर्चच्या बायकांनी ‘विगवॉम’ नावाचा वार्षिक सण सुरू केला. त्यात भाजून दळलेल्या मक्याचे पीठ, ‘योकेग’, हा मुख्य पदार्थ. आपल्या सातूच्या पिठासारखा, प्रवासात खिशात टाकून नेण्याजोगा.

१८७२ मध्ये कनेक्टिकटने मोहीगनांना नागरिक केले आणि उरलेली सामायिक जमीन व्यक्तींच्या नावे करून टाकली. ऐकायला हे चांगले वाटते. पण सामायिक जमीन वैयक्तिक झाली की कर्जात जाते, करात जाते, वारसांत वाटून विकली जाते. पुढच्या काही दशकांत तेच झाले. जमातीच्या हातात सलग उरले ते चर्च आणि त्याच्याभोवतीची इवलीशी जागा.

शेवटची बोलणारी बाई आणि तिच्या डायऱ्या

फिडेलिया फील्डिंग १८२७ मध्ये जन्मली आणि १९०८ मध्ये गेली. आजी मार्था अंकस हिच्याशी ती मोहीगन भाषेत बोलत असे. आजी १८५९ मध्ये गेल्यावर बोलायला कुणी राहिलेच नाही म्हटले तरी चालेल. इतर घरांत भाषा थांबली होती, कारण शिक्षक आणि शेजारी तिच्यावर नाक मुरडत. मग फिडेलियाने डायरी लिहायला सुरुवात केली. हवामान, तब्येत, पैसे नाहीत, देव चांगला आहे, अशा साध्या नोंदी, पण मोहीगन भाषेत.

फ्रँक स्पेक या तरुण मानववंशशास्त्रज्ञाशी तिची ओळख झाली आणि त्या डायऱ्या त्याच्यामार्फत संग्रहात आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेल्या. एकट्या म्हातारीच्या त्या किरकोळ नोंदींवरून शंभर वर्षांनी भाषेची वाक्यरचना पुन्हा जुळवता आली, आणि आता जमातीची मुले ती भाषा शिकतात. २०२० मध्ये कॉर्नेलने डायऱ्या जमातीला परत केल्या.

पलंगाखालच्या पेट्या आणि सरकारी मान्यता

आता सर्वांत गुंतागुंतीचा भाग. अमेरिकेत इंडियन जमातीला केंद्र सरकारची ‘मान्यता’ असली तरच तिचे सरकार कायद्याने सरकार ठरते. १८३१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जमातींना ‘देशांतर्गत अवलंबित राष्ट्रे’ म्हटले. समजायला आपली १९४७ पूर्वीची संस्थाने आठवा. स्वतःचा कारभार, स्वतःची न्यायालये, पण वर मोठी सत्ता. फरक असा की जमातीचे लोक अमेरिकेचे पूर्ण नागरिक असतात, मतदान करतात, आणि जमातीचे कारभारी मंडळ निवडून येते.

पण ज्यांचा सगळा संबंध वसाहतीशी आणि नंतर राज्याशी आला, त्या पूर्वेकडच्या जमातींशी केंद्राने तहच केले नव्हते. त्यांनी मान्यता मागायची कशी? १९७८ मध्ये त्यासाठी रीतसर पद्धत आली. सात निकष. त्यांत मुख्य असे: समाज म्हणून तुम्ही अखंड टिकलात का, तुमचे अंतर्गत नेतृत्व अखंड चालले का, आणि तुम्ही खरोखर त्या पूर्वजांचे वंशज आहात का. हे सगळे कागदोपत्री सिद्ध करायचे.

ज्यांनी जात पडताळणी समितीपुढे फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५० च्या आधीचा पुरावा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागदाबाहेर ठेवले, त्यांच्याकडेच कागद मागायचा. मोहीगनांनी अर्ज केला आणि १९८९ मध्ये प्राथमिक उत्तर ‘नाही’ असे आले. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या काही दशकांत समाज एकत्र नांदत होता याचा पुरेसा पुरावा नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते.

इथे ग्लॅडिस टँटाक्विजन यांची गाठ पडते. जन्म १८९९. लहानपणी जमातीतल्या तीन आज्यांनी त्यांना वनौषधी आणि परंपरा शिकवल्या. आजीला मोहीगन भाषेत ‘नानू’ म्हणतात. आपल्या नानीच्या जवळचा हा शब्द निव्वळ योगायोग, पण ऐकून बरे वाटते. पुढे त्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात स्पेक यांच्याकडे शिकल्या, केंद्र सरकारच्या इंडियन विभागात नोकरी केली. १९३१ मध्ये वडील आणि भाऊ हॅरल्ड यांच्यासोबत त्यांनी घराशेजारी एक छोटे दगडी संग्रहालय उभारले. टोपल्या, चमचे, खलबत्ते, मणी, जे सापडेल ते जपले.

आणि पलंगाखाली पेट्यांमध्ये त्यांनी जमातीचे कागद ठेवले. कोण जन्मले, कुणाचे लग्न कुणाशी झाले, कोण गेले, त्याची पत्रे आणि नोंदी. सरकारने ज्या दशकांबद्दल विचारले होते, त्या दशकांचे जगणे या पेट्यांत होते. त्या नोंदी, चर्चच्या बैठका, विगवॉम सण, असे सगळे पुढे ठेवल्यावर मार्च १९९४ मध्ये मान्यता मिळाली. ग्लॅडिस त्या वेळी ९४ वर्षांच्या होत्या. २००५ मध्ये, १०६ व्या वर्षी त्या गेल्या.

शेवटी हे सगळे जुगारासाठीच ना?

हा आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो. क्रम पाहिला तर तो टिकत नाही. जमातीने मान्यतेचा अर्ज १९७८ मध्ये केला आणि जमिनीचा दावा त्याच्याही आधी, १९७७ मध्ये. दाव्याचा आधार होता १७९० चा कायदा: केंद्राच्या संमतीशिवाय इंडियनांची जमीन घेता येत नाही. इंडियन जमिनीवर जुगारघरांचा केंद्रीय कायदा आला १९८८ मध्ये. म्हणजे मागणी आधीची, कॅसिनो नंतरचा.

शिवाय त्या कायद्यानुसार नफा जमातीच्या सरकारच्या कामांवर, सदस्यांच्या कल्याणावर, आर्थिक विकासावर, धर्मादायावर असा ठरलेल्या कारणांसाठीच वापरायचा असतो. कर बसवायला जमातीकडे मोठी जमीन नाही, उद्योग नाहीत. मग दवाखाना, शाळा, घरे, भाषेचे वर्ग कशातून चालवायचे? ‘मोहीगन सन’ ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाले, तेही जिथे पूर्वी नौदलासाठी अणुइंधन बनवणारा कारखाना होता त्या २४० एकरांवर. स्लॉट मशिनच्या उत्पन्नातला २५ टक्के हिस्सा कनेक्टिकट राज्याला जातो. आणि राज्याशी झालेल्या या समझोत्याच्या बदल्यात मोहीगनांनी जमिनीचे जुने दावे कायमचे सोडले.

मला यातही एक कडू घोट दिसतो. अंकसच्या काळापासूनचा दावा अखेर आणखी एका करारात विरघळला. आणि जुगारामुळे उद्ध्वस्त होणारी घरे असतात, त्यांचा प्रश्न खराच आहे. पण तो आपण लास वेगसच्या कॅसिनो-मालकांना विचारत नाही आणि इंडियनांना विचारतो, एवढे तपासावे.

पण दिसायला तर ते गोऱ्यांसारखेच!

काही मोहीगन गोरे दिसतात, काही सावळे, काही काळे. चारशे वर्षांत लग्ने झाली, मिसळ झाली. कुणी मोहीगन आहे की नाही हे वंशावळ आणि जमातीशी असलेल्या नात्यावर ठरते, नाकाच्या ठेवणीवर नाही. नागरिकत्व जसे चेहऱ्यावरून ठरत नाही, तसेच. हॉर्समँडेन यांनी ‘वेगळे लोक’ म्हटले, तेव्हाही त्यांच्यासमोर वेगळ्या राज्यव्यवस्थेचा मुद्दा होता, कातडीच्या रंगाचा नव्हता.

परत आलेल्या पेट्या

२७ एप्रिल २०२२ रोजी डार्टमथचे अध्यक्ष अंकसव्हिलला आले. अंकसच्या नावाने वसलेले हे गाव मोहीगनांच्या भूमीत आहे. त्यांच्यासोबत सॅमसन ऑकमचे कागद होते. त्याची पत्रे, रोजनिशी, प्रवचने आणि जमातीची औषधी वनस्पतींची यादीही. अडीचशे वर्षे परक्यांच्या कपाटात राहिलेले हे कागद त्या दिवशी समारंभपूर्वक जमातीच्या हाती दिले गेले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी लिन मलर्बा यांची खजिनदारपदी नेमणूक जाहीर झाली.